साक्षीदाराचे हात

दुसऱ्याच्या पापाचा न्याय करू नये, ही प्रभूची डोंगरावरील आज्ञा आमच्या मंडळ्यांतून व्यासपीठावरून वाचली जाते, आणि उपासना आटोपून लोक अंगणात उतरले न उतरले तोच अमक्याची सून माहेरी का राहिली नि तमक्याचा मुलगा रात्री कोठे असतो, याचे निवाडे सुरू होतात, ही गोष्ट मला फार वर्षे सलत आली आहे. याविषयी कोणा वडिलांना विचारावे, तर ते म्हणतात की, न्यायच थांबला तर पापाला धाक उरणार नाही, आणि ज्या पौलाने बापाची बायको ठेवणाऱ्या करिंथकराला मंडळीबाहेर घालविण्यास सांगितले, त्याला का ही आज्ञा ठाऊक नव्हती?

हा पूर्वपक्ष पोरकट नाही, तसाच तो नवाही नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा वृत्तांत योहानकृत शुभवर्तमानाच्या अतिप्राचीन ग्रीक हस्तलिखितांत आढळत नाही. आणि आपल्या बायकांना पाप करण्याची मुभा मिळेल, या भीतीने काही अल्पविश्वासी लोकांनी तो आपल्या प्रतींतून काढून टाकला असावा, असा संशय पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने नमूद केला आहे. आजचे बहुतेक पंडित तो भाग मागाहून जोडला गेला असे मानतात, तेव्हा ऑगस्टीनचा तर्क कदाचित टिकणार नाही. परंतु क्षमेने घर बुडेल हे भय त्या काळीही लोकांच्या मनात घर करून होते, एवढे त्यावरून निश्चित कळते.

आता तो खटलाच पाहा. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा अपराधात पुरुष आणि स्त्री दोघेही दंडास पात्र, आणि देहदंडाच्या प्रसंगी पहिला हात साक्षीदाराने उचलावयाचा. त्या पहाटे मंदिरात हजर केली गेली ती एकटी स्त्री! प्रत्यक्ष कर्मात धरली म्हणतात, तर मग तो पुरुष कोठे गेला? म्हणजे फिर्याद मुळातच अर्धी होती, आणि फिर्यादींना न्याय नको होता, येशूला शब्दांत पकडावयाचे होते. येशूने नियमशास्त्र रद्द केले नाही. तो खाली वाकला, बोटाने धुळीत काही लिहू लागला (काय लिहिले ते शुभवर्तमान सांगत नाही, आणि त्याविषयीचे तर्क मला रुचत नाहीत), आणि मग त्याने साक्षीदारांना त्यांच्याच हातांची आठवण करून दिली. सर्वांत आधी निघून गेले ते वयोवृद्ध, कारण त्यांचेच खाते सर्वांत लांब होते.

राहिला करिंथचा दाखला. बाहेरच्यांचा न्याय करणे आपल्या अखत्यारातले नाही, हे पौल त्याच अध्यायात सांगतो. त्या मनुष्याला घालविण्याचा हेतूही त्याचा आत्मा तरावा हाच आहे. आणि गलतीकरांना तो लिहितो की, अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने ठिकाणावर आणा, आणि तसे करताना स्वतःकडे लक्ष ठेवा. आम्ही घालविण्याचे तेवढे उचलले, आणण्याचे सोडून दिले.

याच्या उलट, न्याय करावयाचा नाही म्हणजे पाप असे काही नाहीच, म्हणणारा जो दुसरा पक्ष आहे, त्याला उत्तर थोडक्यात देता येते: त्या स्त्रीला पुन्हा पाप न करण्याची आज्ञा झाली होती, आणि मुसळ काढल्यावर भावाच्या डोळ्यातले कुसळ काढावयाचेच आहे. मळणीच्या दिवसांत खळ्यावर आमच्या डोळ्यात कुसळ गेले, की आई पदराचे टोक ओले करून, पापणी हलकेच उलटून, श्वास रोखून ते काढीत असे. तिला रागे भरताना मी तेव्हा कधी ऐकले नाही.

मी स्वतः मात्र तसा वागलो नाही. दारूतून सुटू पाहणारा एक गृहस्थ एका रविवारी शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला. दोघे जण उठून पुढे गेले. मी उठलो नाही, पण वीतभर सरकलो, आणि ते त्याने पाहिले. पुढच्या रविवारी तो आला नाही.

केडगावच्या मुक्तिसदनात पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, आणि तेथील भगिनीमंडळाच्या लंडनमधील आश्रमात त्यांनी अशा स्त्रिया पाहिल्या, की ज्या एके काळी त्याच आश्रमाच्या आश्रित होत्या आणि आता रोग्यांची नि दुबळ्यांची सेवा करीत होत्या. या बायांसाठी हे लोक एवढे का झटतात, असे त्यांनी आपल्याला शिकविणाऱ्या भगिनीला विचारले, तेव्हा तिने शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली, हे रमाबाईंनी 1907 साली आपल्या साक्षीत लिहून ठेविले आहे. त्या कथेत येशू त्या बाईच्या पाच नवऱ्यांचा हिशेब तिच्या तोंडावर सांगतो. पण त्याच्याही आधी, भर दुपारी विहिरीच्या काठावर थकून बसलेला तो, ज्यांच्या भांड्याला त्याचे लोक शिवत नसत त्या जातीच्या त्या बाईजवळ पाणी मागतो.