ताटाची डावी बाजू

कोल्हापुरात पेठेतल्या कुठल्याही घरात ऐकायला मिळतं, 'अंगावरून वारं गेलं होतं, आता चालतात की!' पण सासरे ताटात डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच ठेवतात, दोघं बोलायला लागले की गोंधळतात. घरचे म्हणतात, 'मुद्दाम करतात.' मैत्रिणींनो, मुद्दाम नव्हे. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की पुष्कळदा डावीकडे लक्षच जात नाही.

यावर आता शस्त्रक्रियेविना मेंदूला चालना देणारी यंत्रं आली आहेत. एकात डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरतात. दुसऱ्यात ओल्या स्पंजमधून १ ते २ मिलिअँपिअर वीज साधारण २० मिनिटं सोडतात. हा 'शॉक' नव्हे. चुंबकीय उपचाराला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली, पण ती नैराश्यासाठी! पक्षाघातानंतर लक्ष सुधारतं का, याचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्षही जुळत नाहीत.

मग पाटल्या गहाण ठेवून पॅकेज घ्यायचं? आधी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा: किती बैठका, एकूण खर्च किती, सोबत व्यायाम आहेत का? फिट, पेसमेकर, डोक्यात धातूची क्लिप असेल तर ते आधीच सांगा.

तोवर घरी टीव्ही बंद, एका वेळी एकच काम. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा. 'आधी पट्टी शोधा, मग जेवा' असं रोज सांगा. याला पैसे लागत नाहीत, धीर लागतो. आणि तो एकट्या सुनेनंच का धरायचा? मुलानंही धरावा!