रानमोडी काढा, ढालकिडा राखा

मांडवीकर मंडळींनो, पाऊस ओसरला की परड्यातली, गडग्याकडेची रानमोडी काढायला तुम्ही गडी लावाल. त्याआधी एवढे वाचा.

रानमोडी ठेवा, असे मी म्हणणार नाही. अमेरिका खंडातून आलेले हे झुडूप गुरे खात नाहीत, खाली गवत धरत नाही आणि उन्हाळ्यात वाळले की वणव्याला आयते सरपण. पण तिच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा धरतो आणि त्या माव्यावर ढालकिडा पोसतो. तोच पुढे तुमच्या चवळीवरचा, वालावरचा मावा खातो.

लाल पाठीवर काळे ठिपके असलेला भुंगेरा सगळे ओळखतात. मारली जाते ती त्याची अळी: काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी. पानामागे पिवळ्या उभ्या अंड्यांचा पुंजका दिसला तर तो बहुधा त्याचाच. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या, 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेल्या ढालकिड्याची अळी तर पांढरी, मेणचट, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी! जास्वंदीवरची कीड म्हणून आपण तिलाच चिरडतो. मात्र वांग्याच्या पानांची जाळी करणारा, मळकट, लवदार पाठीचा भुंगेरा याच कुळातला असला तरी मित्र नव्हे. शंका आली तर पान पिशवीत घालून भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात विचारा.

अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून निम्मी रानमोडी नवरात्रात काढा, उरलेली दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा जमीनही मऊ असते. कोयत्याने छाटू नका, बुडातून पुन्हा फुटते. पहारीने मुळासकट उपटा. उपटलेली झुडपे मुळे वर करून दोन दिवस भाजीच्या वाफ्याजवळ ठेवा. अळ्यांना उडता येत नाही, पण चालता येते. मग ती वाळवून कलमांच्या बुंध्याशी आच्छादनाला घाला, जाळू नका.

झुडूप फुलावर आले असेल तर मात्र ढालकिड्याकडे बघू नका, त्याच दिवशी उपटा. एकदा बी वाऱ्यावर गेले की शेजाऱ्याचे परडेही गेले. असे फुललेले झुडूप आच्छादनालाही नको.

वाडीच्या सफाईत कोणी तणनाशक फवारायचे म्हणाले, तर हात वर करा आणि सांगा, पहारी आम्ही आणतो.