एका खोलीच्या मशिदीसाठी दोन रात्री

अमेरिकेत मुलांकडे किंवा भावंडांकडे जाणाऱ्या आपल्या लोकांचा फिरण्याचा कागद ठरलेला असतो. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, आणि जमलंच तर लास वेगास. या कागदावर आणखी एक नाव लिहावं असं मला वाटतं. ते म्हणजे नॉर्थ डकोटा राज्यातलं रॉस. मिनियापोलिसला राहणाऱ्या माझ्या बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आपा, तिथे गवताशिवाय काय आहे?"

गवत आहेच. प्रेअरीचा सपाट मुलूख, गव्हाची शेतं, तेलाचे पंप आणि जेमतेम शंभराच्या आसपास वस्ती. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या लेबनॉन-सीरियातल्या खेड्यांतून काही मुस्लिम कुटुंबं इथे येऊन शेतकरी झाली. १८६२च्या होमस्टेड कायद्यानुसार १६० एकर जमीन मिळायची. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, मग ती तुमची. हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जाणाऱ्या या माळावर त्यांनी आधी घराघरांत नमाज पढली आणि १९२९मध्ये एक साधी मशीद बांधली. ती अमेरिकेतली पहिली की दुसरी, या वादात मी पडणार नाही. मिशिगनच्या हायलँड पार्कमध्ये १९२१मध्येच एक झाली होती. पण ती मोटारींच्या कारखान्याजवळची, आणि ही शेतकऱ्यांची.

मला रॉस महत्त्वाचं वाटतं ते याचसाठी. वर्गात मुस्लिम इमारतींची नावं विचारली की मुलं ताजमहाल, गोलघुमट, बीबी का मकबरा सांगतात. सगळी बादशहांची. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात बादशहा नव्हते, मोट हाकणारे, विणणारे, मासे धरणारे होते. त्यांनी बांधलेलं पाहायला आपण कधी गाडी करून जातो का?

दुसरं कारण जास्त बोचरं आहे. पुढची पिढी शहरांत गेली, लग्नं बाहेर झाली, नावं बदलली. मशीद रिकामी पडली, मोडकळीस आली आणि १९७९मध्ये पाडली गेली. कुणा वैऱ्यानं नाही पाडली. सांभाळणारं कुणी उरलं नाही म्हणून ती गेली. कबरस्तान मात्र राहिलं, आणि २००५मध्ये एका वंशजाच्या पुढाकारानं त्याच्याजवळ छोटा घुमट आणि चार लहान मिनार असलेली नवी इमारत उभी राहिली. आपला वारसा फक्त हल्ल्यानंच जातो असं समजणाऱ्यांनी इथे जरूर थांबावं.

थांबावं म्हणजे मुक्काम करावा. दोन तासांत फोटो काढून परत, असं करायचं असेल तर जाऊच नका. रॉसमध्ये हॉटेल शोधत बसू नका. काही मैलांवरच्या स्टॅनलीत दोन रात्री धरा. तेलाचा धंदा जोरात असला की या भागातल्या खोल्या कामगारांनी भरतात, म्हणून आगाऊ नोंदणी करा. स्वयंपाकाची सोय असलेली खोली मिळाली तर उत्तम, कारण हलाल जेवण जवळपास मिळेल हा भरवसा धरू नये. न्यू टाऊनजवळचं एक मोठं निवासस्थान कॅसिनोला जोडलेलं आहे, हेही माहीत असू द्या.

सेंट पॉलहून रात्रीच्या 'एम्पायर बिल्डर' गाडीनं सकाळी स्टॅनलीला उतरता येतं, पण पुढे मोटारीशिवाय काही हलत नाही. त्यापेक्षा मायनॉटपर्यंत विमानानं जाऊन तिथे मोटार भाड्यानं घ्यावी. तिथून महामार्ग दोननं रॉस साधारण शंभर किलोमीटर. उन्हाळ्यात जा. जूनमध्ये मगरिब रात्री दहाच्या सुमारास होते, म्हणजे फिरायला दिवस भरपूर.

पहिला दिवस रॉससाठी ठेवा. तिथे इमाम नाही, पाच वेळची जमात नाही. कबरस्तान मात्र कुणाच्या तरी आजी-आजोबांचं आहे, हे विसरू नका. फातिहा पढा, कबरींवरची नावं वाचा, मुलांनाही वाचायला लावा, आणि मोबाईल खिशात ठेवा.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला न्यू टाऊनला जा. गॅरिसन धरणानं सकाकाविया जलाशय झाला, आणि मँडन, हिदात्सा, अरिकारा लोकांची सुपीक नदीकाठची जमीन त्यात बुडाली. विस्थापितांसाठी वसलं म्हणून गावाचं नावच 'नवं गाव'. कोयना-उजनीच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. आणि सरकारनं आपल्या शेतकऱ्यांना दिलेली १६० एकर जमीनसुद्धा आधी मूळ रहिवाशांचीच होती. अभिमान बाळगताना हेही मुलांना सांगितलं पाहिजे. वेळ उरला तर पुढे थिओडोर रूझवेल्ट राष्ट्रीय उद्यानाचा उत्तर भाग आहे, तिथे रानगवे दिसतात.

एवढा खर्च एका खोलीच्या मशिदीसाठी? लास वेगासला दोन रात्री घालवताना हा प्रश्न आपण विचारत नाही. बहिणीनं जूनमधली रजा टाकली आहे. खोली अजून मिळायची आहे.