घराचे मृत्युपत्र झाले, देहाचे काय?

हा विषय पहिल्या पानावर घेण्याइतका निकडीचा आहे काय, असे आमचे काही वाचक विचारतील. मरणाची चर्चा, आणि तीही कोणा थोर पुरुषाच्या नव्हे तर तुमच्याआमच्या मरणाची, सकाळच्या चहाबरोबर कोणास रुचणार? तथापि या शहरातील एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ज्यांनी एक रात्र काढली असेल, त्यांना या निकडीचे समर्थन करून सांगण्याची गरज नाही. रात्री दोनच्या सुमारास आतून एक तरुण डॉक्टर येतो. त्याच्या हातात संमतीचा कागद असतो. श्वास अपुरा पडतो आहे, नळी घालून यंत्रावर ठेवावे लागेल, ठेवावयाचे ना, असे तो विचारतो. ज्यांच्या श्वासाविषयी हा प्रश्न असतो ते आत बेशुद्ध असतात. उत्तर द्यावयाचे असते मुलाने, सुनेने, किंवा जिला आयुष्यभर बँकेचे पासबुकदेखील कोणी दाखविले नाही अशा वृद्ध पत्नीने. आणि बहुतेक वेळा उत्तर एकच येते : 'जे जे करता येईल ते सारे करा.' हे उत्तर प्रेमाचे असते, भीतीचे असते, आणि चार लोक काय म्हणतील या धास्तीचेही असते. फक्त आतल्या माणसाची इच्छा काय, हे त्यात कोठेच नसते.

आमचा मध्यमवर्ग दूरदृष्टीसाठी प्रसिद्ध आहे. सदनिका कोणाच्या नावे व्हावयाची, ठेवींवर वारस कोण, आईच्या पाटल्या थोरलीला की धाकटीला, याची व्यवस्था तो साठी उलटण्यापूर्वी लावून ठेवतो. तांब्याच्या बंबाची वाटणीसुद्धा लिहून ठेवणारे गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. परंतु ज्या देहात सत्तर-ऐंशी वर्षे काढली, त्या देहाच्या अखेरच्या आठवड्यांविषयी त्या गृहस्थांच्या मृत्युपत्रात एक ओळ नसते. असणारही नाही, कारण मृत्युपत्र उघडते ते माणूस गेल्यावर. येथे प्रश्न आहे तो माणूस असताना, पण त्याला बोलता येत नसतानाचा.

त्यासाठी वैद्यकीय इच्छापत्राची सोय आपल्या देशात झालेली आहे, हे अद्याप पुष्कळ सुशिक्षितांना माहीत नाही. हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हे. मिनू मसानी यांनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी मुंबईत संस्था स्थापन केली ती १९८१ साली. पण कायद्याची वाट उघडली ती सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निर्णयाने. सन्मानाने मरणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, आणि सज्ञान व शुद्धीवर असलेल्या कोणाही व्यक्तीला आपल्या उपचारांविषयी आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा दिली. मात्र मुभा देताना वाटेत इतके अडसर घातले की ती वाट चालण्याजोगी राहिली नाही. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी, वीस वर्षे अनुभवाच्या तज्ज्ञांची मंडळे हवीत, आणि अखेर दंडाधिकाऱ्याने स्वतः येऊन रुग्णाला पाहावयाचे! न्यायालयानेच २४ जानेवारी २०२३ रोजी हे अडसर पुष्कळसे काढले. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ती नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे साक्षांकित केली की कागद पुरा होतो. पुढे वेळ आलीच, तर रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे एक मंडळ आणि त्यावर दुसरे मंडळ, अशा दोन चाळण्यांतून निर्णय जातो. प्रत्येकाने शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावयाचे असते आणि दंडाधिकाऱ्यास केवळ कळवावयाचे असते. लिहिलेले केव्हाही बदलता येते, रद्द करता येते.

यालाच वृत्तपत्रे 'इच्छामरण' म्हणतात, आणि वृत्तपत्र म्हणून त्या दोषात आम्हीही वाटेकरी आहोतच. शब्द भीष्माचा आहे, म्हणून भारदस्त वाटतो. पण येथे तो चुकीचा आहे. सुई टोचून मरण आणणे या देशात आजही गुन्हाच आहे. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न व औषध नाकारून देह ठेवला, तीही गोष्ट वेगळी. तो एका जागृत साधकाचा संकल्प होता. वैद्यकीय इच्छापत्र इतकेच म्हणते : बरे होण्याची आशा उरलेली नाही असे जाणत्यांनी ठरविले, तर केवळ यंत्राच्या जोरावर मला रेंगाळत ठेवू नका. वेदना शमविणे, तोंड ओले करणे, कूस बदलणे, जवळ बसणे, यांतले काहीच त्यामुळे थांबत नाही. किंबहुना नळ्यांच्या जंजाळात ज्या गोष्टी मागे पडतात, त्या अशा वेळी पुढे येतात.

अरुणा शानबाग यांचे नाव या संदर्भात घ्यावेच लागते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये पाशवी हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या. मधली एकेचाळीस वर्षे त्यांनी त्याच रुग्णालयाच्या एका खाटेवर काढली. त्यांना या अवस्थेतून सोडवा, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली, आणि ज्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची पोटच्या पोरीसारखी शुश्रूषा केली त्यांनी तिला कसून विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये परिचारिकांचे म्हणणे मानले. दोन्ही बाजूंच्या करुणेविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण त्या साऱ्या युक्तिवादात अरुणा शानबाग यांना स्वतःला काय हवे होते, हे सांगू शकणारा एकही मनुष्य नव्हता, एकही ओळ नव्हती. पंचविशीतल्या मुलीने असे काही लिहून ठेवावे अशी अपेक्षा कोण करील? तथापि हा विषय केवळ म्हाताऱ्यांचा नव्हे, हे तिच्या उदाहरणावरून ध्यानी यावे.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो आम्ही हलका लेखीत नाही. मालमत्तेवर डोळा असलेली, खर्चाला कंटाळलेली मुले या कागदाचा दुरुपयोग करणार नाहीत काय? अशी मुले असतात. परंतु कागद नसताना त्यांना कोण अडवते? कागद नसला तरी दोन मंडळे आणि नातेवाइकांची संमती याच मार्गाने उपचार थांबविता येतात. फरक इतकाच की तेथे रुग्णाचा शब्द नसतो. याहून आम्हांस दिसते ती उलटी बाजू. अमेरिकेहून चोवीस तासांचा प्रवास करून आलेला मुलगा दाराशी येताच 'सर्व काही करा' म्हणतो, तेव्हा त्यात दहा वर्षांच्या दूरपणाची बोच बोलत असते. आणि दहा वर्षे आईचे पथ्यपाणी पाहणारी बहीण गप्प बसते, कारण 'थांबवा' हा शब्द तिने उच्चारला तर तो जन्मभर तिच्याच माथी राहील. आईने स्वतः चार ओळी लिहिल्या असत्या, तर भावाबहिणीचे बोलणे तेराव्या दिवशी तुटले नसते.

दुसरे असे की, कोणकोणती यंत्रे नकोत याची लांबलचक यादी करण्यात फारसा अर्थ नाही. पुढे कोणते दुखणे येईल हे कोणाला कळते? आपल्या वतीने संमती देणारा माणूस विचारपूर्वक निवडून त्याचे नाव लिहावे; एकाहून अधिक नावे देता येतात. तो ज्येष्ठ पुत्रच असला पाहिजे असे नाही. रडूनही ठाम राहू शकेल अशी भाची असली तरी चालेल. तिच्याशी एका दुपारी नीट बोलावे, आणि ते बोलणे बाकीच्यांनाही ऐकू द्यावे. आमच्या घरांत हेच होत नाही. 'भलतेसलते बोलू नका', 'शुभ बोल नाऱ्या', असे म्हणून जी माणसे विषय मोडतात, तीच पुढे त्या बाकावर एकटी बसलेली आढळतात. घरच्या स्त्रियांना तर हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. यजमानांची इच्छा निदान गृहीत तरी धरली जाते. तिची इच्छा काय, हे तिलाही कधी सुचू दिलेले नसते.

कागद झाल्यावर तो बँकेच्या पेटीत मात्र ठेवू नये. पेटी उघडेतो सर्व आटोपलेले असते. एक प्रत निवडलेल्या माणसाकडे, एक घरच्या डॉक्टरांकडे द्यावी, आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपले इच्छापत्र नोंदवून स्वतःपासून प्रारंभ केला. महाराष्ट्रातही मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर असे अधिकारी नेमले गेले. परंतु ते कोण, कोठे आणि कोणत्या वेळी भेटतात, हे सामान्य नागरिकाला कसे कळावे? जन्ममृत्यूच्या दाखल्यांची खिडकी सर्वांना ठाऊक असते. तिच्याशेजारी या अधिकाऱ्याच्या नावाची, खोलीच्या क्रमांकाची आणि वेळेची पाटी महापालिकेने प्रत्येक प्रभाग कार्यालयात लावावी, आणि इच्छापत्राचा छापील नमुना तेथे सोप्या मराठीत मिळावा. न्यायालयीन इंग्रजीतला नमुना पुढे करून आजींची सही घेण्यात काही हशील नाही.