माडीवरचे ओरखडे

गेले तीन विकांत मी गुडघ्यांवर बसून काढले. गुडघे माझे, माडी धाराशिवची, आणि हातात ८० नंबरचा पॉलिशपेपर. सोमवारी ऑफिसात पाय ओढत चालताना बघून टीममधल्या एकाने विचारलं, "ट्रेक?" म्हटलं, "नाही रे, फ्लोअरिंग." तो म्हणाला, "अरे वा, नवीन फ्लॅट?" आता याला काय सांगणार कपाळ!

तर झालं असं. धाराशिवला (माझ्या शाळेच्या दाखल्यावर अजून उस्मानाबादच आहे) जुन्या गावात आमचं घर आहे. खाली दगडी, वर माडी. सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर इंचभर जाडीच्या फळ्या. कडीपाट म्हणतात तो हाच. वर राहणाऱ्याची ती जमीन, खाली झोपणाऱ्याचं ते छत. आणि या जमिनीची गेल्या तीस वर्षांत आम्ही पार वाट लावली आहे. टेबलाच्या पायांचे खड्डे, खुर्च्यांच्या रेघोट्या, आणि लोखंडी कपाटाने एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पाडलेले दोन समांतर चर. लहानपणी माझा पुतण्या त्यात आगगाडी चालवायचा.

दिवाळीत दादाने विषय काढला. माडीवर टाइल्स बसवून टाकू. मिस्त्री येऊन बघून गेला होता, वर सिमेंट-वाळूचा थर आणि त्यावर विट्रिफाइड. चार दिवसांत काम खलास. मी म्हटलं, नको. दादा म्हणाला, "तू महिन्यातून एकदा येतोस अन् आम्हाला शिकवायलास. झाडून घ्यायचं कुणाला? तुझ्या वहिनीला."

मुद्दा बिनतोड होता. जुन्या वस्तूंचा जिव्हाळा बहुतेक वेळा त्यांनाच असतो ज्यांना त्या रोज पुसाव्या लागत नाहीत. हे मला मान्य आहे. पण माझा 'नको' जिव्हाळ्याचा नव्हता, वजनाचा होता. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

या फळ्या मुळात उघड्या नव्हत्याच. माझ्या लहानपणी माडीवर फळ्यांच्या वर वीतभर मातीचा थर होता, चोपून बसवलेला, आणि आजी त्यावर शेणाने सारवायची. त्या जमिनीवर ओरखडा ही भानगडच नव्हती. खड्डा पडला तर चिमूटभर माती आणि पुढच्या सारवणात सगळं गुळगुळीत. (याला म्हणतात साप्ताहिक रिलीज सायकल.) शिवाय ओरखडे काढणार कोण? माडीवर पायवाली वस्तू म्हणजे एक बाज. बाकी बसणं-उठणं सतरंजीवर आणि गादी-तक्क्यावर. खुर्च्या ढाळजेत, पाहुण्यांसाठी.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. मी तेव्हा सातवीत. धाराशिव शहराला दणका बसला पण आमचं घर एका भिंतीच्या तड्यावर निभावलं. आत्याचं गाव मात्र सास्तूरच्या बाजूचं. लातूर आणि उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांमध्ये हजारो माणसं गेली. अण्णा दुसऱ्या दिवशी तिकडे गेले, आठवड्याने परत आले आणि बरेच दिवस काही बोलले नाहीत. नंतर एकदा जेवताना एवढंच म्हणाले, "भिंती बसल्या, खांब उभे होते."

हे त्यांनी पाहिलेलं आणि इंजिनियर लोकांनी नंतर लिहिलेलं, दोन्ही जुळतं. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती म्हणजे मातीत रचलेले ओबडधोबड दगड, दोन-दोन फूट किंवा त्याहून जाड, आणि डोक्यावर माळवद. उन्हापासून बचाव म्हणून त्या माळवदावर दीड-दोन फूट माती. हलायला लागलं की भिंत पोटातून फुटते आणि वरचं ओझं खाली येतं. ज्या घरांत छत लाकडी खांबांच्या चौकटीवर होतं, तिथे पुष्कळ ठिकाणी दगड ढासळले तरी चौकट उभी राहिली. म्हणूनच पुढे जुन्या घरांच्या मजबुतीकरणात डोक्यावरच्या मातीचा थर कमी करा आणि खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार ठोका, असा सल्ला होता. तेव्हाच्या नकाशात हा सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता, हे विशेष. २००२ साली नकाशा बदलला आणि आपण झोन ३ मध्ये आलो.

अण्णांनी नकाशाची वाट पाहिली नाही. त्याच हिवाळ्यात त्यांनी माळवद उतरवून पत्रे टाकले आणि माडीवरची माती काढली. दादा आणि मी घमेली वाहिली आहेत, त्यामुळे आकडा मी नंतर कधीतरी कुतूहलाने काढला. १५ बाय १२ फुटांची खोली, सहा इंच थर, म्हणजे अडीच घनमीटर माती. वजन चार टनांच्या आसपास. हे चार टन आमच्या आजी-आजोबांच्या डोक्यावर पन्नासेक वर्षं होते आणि ते खाली निवांत घोरत होते.

माती गेली, फळ्या उघड्या पडल्या, रंधा मारून तेल दिलं. आणि मग आमच्या घरात एकेक करून चार पायांच्या वस्तू माडीवर चढल्या. टेबल, खुर्च्या, दिवाण, कपाट. जमीन नवी झाली, सवयी जुन्याच राहिल्या. सारवलेल्या जमिनीवर जे चालायचं ते लाकडावर चालत नाही, हे कुणी सांगितलंच नाही.

आता दादाच्या टाइल्सचा हिशोब. चार सेंटीमीटर सिमेंट-वाळू आणि वर टाइल, म्हणजे चौरस मीटरला साधारण १०० किलो. आमच्या खोलीला दीड टनाच्या वर. मारुती ८०० चं वजन ६५० किलोच्या आसपास असायचं. म्हणजे अडीच मारुत्या माडीवर पार्क करायच्या. अण्णांनी जे उतरवलं त्यातलं एक तृतीयांशाहून जास्त आपण हौसेने परत वर चढवायचं! शिवाय लाकूड ऋतूप्रमाणे हलतं आणि सिमेंट हलत नाही, त्यामुळे सांधे तडकणार. थर टाकतानाचं पाणी फळ्यांत मुरणार, त्याला सुकायला वाट नाही. खालून छत म्हणून दिसणारी फळी वरून कुजत असेल आणि कळेल तेव्हा वाळवी लागलेली असेल. हे सगळं मी दादाला कागदावर काढून दाखवलं. तो कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "घमेली लई जड होती रे." टाइल्सचा विषय तिथेच संपला. वहिनीची अट मात्र कायम राहिली: जमीन पुसता आली पाहिजे आणि पायात कूस जाता कामा नये.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी माडी नसेल, 'वुडन फ्लोअरिंग' असेल. माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्येही आहे. त्यातलं बरंचसं लाकूड नसतं, लाकडाचा फोटो असतो. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या भुशाच्या पाटावर छापील कागद आणि वर मेलामाइनचा पातळ थर. २०२० च्या लॉकडाउनमध्ये माझ्या खुर्चीच्या कडक नायलॉन चाकांनी टेबलाखाली दीड फुटाचं पांढुरकं वर्तुळ पाडलं. विकणाऱ्याने 'लाइफटाइम' सांगितलं होतं, बहुधा झुरळाचं :-) ते वर्तुळ दुरुस्त होत नाही. घासलं की फोटोच जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर लॅमिनेट म्हणजे नुसती एक्झी फाइल, सागवानी फळी म्हणजे सोर्स कोड. बिघडली तर उघडून नीट करता येते, आणि दहा वर्षांनी परत. इंजिनियर्ड वुड या दोन्हींच्या मधलं: वरचं खरं लाकूड तीन-चार मिलिमीटर असेल तर एखाद-दुसऱ्यांदा घासता येईल, मिलिमीटरभर असेल तर विसरा. घेताना रंग नंतर बघा, आधी ही जाडी विचारा.

असो. सुतारमामा आले. सत्तरीचे आहेत, अण्णांच्या वेळी रंधा यांनीच मारला होता. मी भाड्याने घासायचं मशीन आणायचं म्हणालो तर म्हणाले, "आधी खिळे बघा की सायेब." बरोबर. खिळ्यांची डोकी पंचने ठोकून फळीच्या आत घालायची, नाहीतर दोन मिनिटांत कागद फाटतो. मग सगळे ओरखडे सारखे नसतात हे त्यांनी दाखवलं. नुसतं तेल उडून पांढरी पडलेली रेघ, ती घासण्यात जाते. दबून पडलेला खड्डा, त्यातलं लाकूड तुटलेलं नसतं, चेपलेलं असतं; त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की तंतू वाफेने फुगून वर येतात. दिवाणाच्या पायांचे खड्डे असे डोळ्यांदेखत निम्म्याहून जास्त भरले. मी बत्तीस तरी इस्त्र्या केल्या असतील, शर्टांच्या वर्षभर होत नाहीत. आणि तिसरा प्रकार म्हणजे चर, जिथे तंतूच फाटलेत. तो इस्त्रीला दाद देत नाही. चर जाईपर्यंत अख्खी जमीन घासायची हा मूर्खपणा, कारण एका रेघेपायी सगळ्या खोलीची जाडी जाते.

लहान चर भरायला घासताना निघालेला याच फळ्यांचा भुसा वापरला. मी फेविकॉल पुढे केला. मामांनी मान हलवली: "त्यो तेल पीत नाही, डाग दिसंल." त्यांनी चपडा स्पिरिटमध्ये घट्ट विरघळवून त्यात भुसा कालवला. फळ्यांच्या मधल्या फटी मात्र भरायच्या नाहीत असं त्यांनी बजावलं. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे लाकडाचा उपास. फट एवढी उघडते की नाणं आत जाईल. श्रावणात तीच मिटते. उन्हाळ्यात कडक मसाला भरला तर पावसाळ्यात फळीला फुगायला जागा नाही, मग मसाला तरी उडतो नाहीतर फळी उचलते.

घासणं आधी ६०, मग ८०, मग १२०, कायम रेषेच्या दिशेने. आडवं घासलेलं तेव्हा दिसत नाही, तेल दिल्यावर दिसतं, आणि मग आपण दिसतो! पॉलीयुरेथेन की तेल यावर माझा आणि मामांचा वाद झाला. पॉलीयुरेथेन कडक आहे, पण चरा पडला की तेवढाच तुकडा बेमालूम दुरुस्त करणं कठीण. तेल मऊ आहे, पण ओरखडा पडला तिथे घासा, तेल चोळा, झालं. आमच्या घरातली माणसं बघता मी तेलाच्या बाजूने गेलो. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड लिन्सीड' म्हणून मिळतं, म्हणजे आपलं जवसच. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून काढायचं, मध्ये एक-दोन दिवस. आणि पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. हे तेल हवेशी संयोग पावून सुकतं, त्यात उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. लाकडी माडीवर ही गंमत नको. पाण्याच्या बादलीत टाका, किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

आता पुढे ओरखडे पडू नयेत म्हणून. सत्तर किलोचा माणूस नि पाच किलोची खुर्ची चार पायांवर, पाय दोन बाय दोन सेंटीमीटरचे. म्हणजे चौरस सेंटीमीटरला साडेचार किलोच्या वर. तोच माणूस अनवाणी उभा राहिला तर जेमतेम पाव किलो. त्यात पायाखाली वाळूचा एक कण आला की संपलं. वाळूतला क्वार्ट्झ लोखंडापेक्षा कठीण, सागवानाची काय कथा. फर्निचर नुसतं ओरखडत नाही, ते वाळू ओढतं. त्यामुळे निम्मं संरक्षण जिन्याच्या तोंडाशी टाकलेल्या पायपुसण्यात आहे. पायांना लावायला बाजारात चिकटणाऱ्या फेल्टच्या टिकल्या मिळतात. आमच्या उन्हाळ्यात त्यांचा गोंद वितळून टिकली सरकते. आईने ट्रंकेतून जुनी घोंगडी काढून दिली. तिचे गोल कापून बारीक चुकांनी ठोकले, चुका लोकरीत बुडतील अशा. आत वाळू रुतते म्हणून महिन्याला ब्रश मारायचा. रबरी बूच लावू नका, काही रबर पॉलिशवर कायमचा डाग सोडतात. आणि कपाट हलवायचं तर आधी रिकामं करा, मग चौघांनी उचला. चौघे नसतील तर उरलेली घोंगडी पायांखाली घालून ओढा. ज्या दिवशी ते चर पडले त्या दिवशी कपाट भरलेलं होतं आणि घाई होती. कोण ओढत होतं ते विचारू नका.

त्या दोन चरांचं काय केलं? मामांनी त्या दोन फळ्या सोडवल्या, उलट्या केल्या आणि परत ठोकल्या. कडा सरळ असल्याने बसल्या. वरून आता कोऱ्या दिसतात. खाली बाजेवर आडवं पडलं की आईच्या डोक्यावर छतातून दोन रूळ जातात. पहिल्या रात्री ती बराच वेळ बघत होती म्हणे. सकाळी वहिनीला म्हणाली, तेवढं तेल खालूनही लावून घ्या, पांढरं दिसतंय.

पुढच्या शनिवारी ते करायचंय.