टॉनिकच्या नावाखाली

‘बाळंतिणीला रोज दोन चमचे पोर्ट वाइन द्यावी, अंगात ऊब राहते, रक्त भरतं.’ अंधेरीत आमच्या भागात घरोघरी फिरताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची गणती नाही. सांगणाऱ्या कोण, तर सासवा, आया, माम्या. यांतल्या बहुतेकींनी जन्मात दारूच्या दुकानाची पायरी चढलेली नसते. घरातल्या कुणा पुरुषाला हळूच पाठवायचं, बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणवायची, तांदळाच्या डब्यामागे ठेवायची आणि वर म्हणायचं, ‘दारू नव्हे हो ती, टॉनिक आहे!’

माझा राग वाइनवर नाही. या ‘टॉनिक’ शब्दावर आहे.

पोर्ट म्हणजे काय ते आधी नीट पाहू या. पोर्तुगालमध्ये दूरो नावाची नदी आहे. तिच्या डोंगरउतारावरच्या द्राक्षांची ही वाइन. पोर्तो शहराच्या बंदरातून ती जगभर गेली, म्हणून पोर्ट. त्या खोऱ्याची हद्द सरकारने १७५६ मध्येच आखून दिली, आणि आजही युरोपात त्या हद्दीबाहेरच्या वाइनला पोर्ट म्हणता येत नाही. द्राक्षांचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचीच कडक दारू ओततात. त्यामुळे आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि वाइन गोड होते. पण कडकही होते बरं का! साध्या वाइनमध्ये बारा-चौदा टक्के अल्कोहोल असतं, पोर्टमध्ये वीसच्या आसपास. गोड लागते म्हणून सौम्य, हा आपला भाबडेपणा.

व्हिंटेज पोर्ट ही त्यातली सगळ्यात मानाची. एकाच वर्षाच्या उत्तम द्राक्षांची, आणि तीही दर वर्षी होत नाही. दहा वर्षांत साधारण तीनदाच ते भाग्य येतं. दोनेक वर्षं लाकडी पिंपात, मग बाटलीत, आणि पुढे वीस-तीस वर्षं तळघरात निवांत. बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवतात. (आमच्या दारूबंदीच्या बायकांना हे सांगितलं तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. आमची ‘आडवी बाटली’ म्हणजे दुकान बंद करायला दिलेलं मत!)

आमच्याजवळच्या गावठाणात एक ईस्ट इंडियन आंटी राहतात. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-साष्टीचे मूळचे, मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी त्यांनी हे नाव घेतलं. अंधेरीच्या मरोळ-आंबोलीपासून बोरिवलीच्या खाडीपलीकडच्या गोराईपर्यंत त्यांची गावठाणं आहेत. नाताळसाठी आंटी घरी वाइन करतात. काळी द्राक्षं, साखर, थोडे गहू, यीस्ट, हे सगळं चिनी मातीच्या बरणीत. एकवीस दिवस रोज लाकडी डावाने ढवळायचं, मग मलमलीतून गाळायचं, पुन्हा निवळू द्यायचं. आपल्या लोणच्याइतकीच निगुती त्यात असते आणि पहिली चव कुणी घ्यायची याचे मानपानही तसेच!

मागच्या नाताळात आंटींच्या लंडनच्या भाच्याने एक व्हिंटेज पोर्ट आणली, २००३ सालची. आंटींनी ती आदल्या दिवशी उभी करून ठेवली. इतक्या वर्षांत आत साका जमतो, तो तळाशी बसायला हवा. दुसऱ्या दिवशी मानेमागे मेणबत्ती धरून काचेच्या भांड्यात इतक्या सावकाश ओतली की मला आपलं गुळाचं पाणी आठवलं. माती खाली बसू द्यायची, वरचं नितळ तेवढं घ्यायचं आणि गढूळ धार दिसली की हात थांबवायचा. तसाच आंटींचा हात थांबला. तळाशी बोटभर काळपट गाळ राहिला.

मग शेजारी आंटींची घरची वाइन आणि दुकानात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी स्वस्त बाटली, अशा तीन छोट्या पेल्यांची आम्ही चौघींनी तुलना केली. दुकानातली तर सरळ खोकल्याचं औषध. गोड, चिकट, नंतर घशात काहीच नाही. आंटींची आंबटगोड, मनुकांच्या वासाची. आणि ती जुनी? पहिल्यांदा जांभूळ, मग सुकं अंजीर, आणि गिळल्यावरही बराच वेळ जिभेवर काहीतरी कडसर, चॉकलेटसारखं रेंगाळत होतं. दोन घोट, बस्स. तासभर आम्ही त्यावरच बोलत होतो. आंटींना मात्र त्यांचीच आवडली, आणि त्यांनी ती आम्हाला कबूल करायला लावली!

हे ऐकून आमच्या मंडळातली एक जण म्हणाली, ‘ताई, तुम्ही आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा करता आणि वाइनचं कौतुक सांगता?’ सांगते. ज्या घरात पगार दारूत जातो आणि रात्री बाई मार खाते, त्या घरासाठी मी उद्याही सह्या गोळा करीन. आणि त्या घरातल्या बाईसमोर मी पोर्टच्या चवीचं पुराण लावणार नाही, एवढं भान मला आहे. पण म्हणून चार बायकांनी वर्षातून एकदा, दिवसाउजेडी, नाव घेऊन दोन घोट चाखले तर ते लपवावं असं मला वाटत नाही.

लपवल्यानेच तर टॉनिक होतं. बाईला एखादी गोष्ट आवडते म्हणून घ्यायची सोय नाही. औषध म्हटलं की चालते. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला मंजुरी दिली, तेव्हाही वाइन म्हणजे दारू नव्हेच, असं मोठमोठ्यांनी सांगितलं. शेतकऱ्याचं भलं होणार असेल तर तसं म्हणा ना. नाशिकच्या द्राक्षांचा पैसा होतो हे खरंच आहे. पण दारू नव्हे कशी? आपल्या दशमूलारिष्टाच्या बाटलीवरसुद्धा अल्कोहोल असल्याचं छापलेलं असतं, वाचा एकदा.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही. बाळंतिणीने घेतलेलं अल्कोहोल दुधातून बाळापर्यंत जातं. रक्त वाढवायला डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या आहेत, घरात अळीव आहेत, पालेभाजी आहे. तेव्हा सासूबाई, तांदळाच्या डब्यामागची ती बाटली सुनेच्या खोलीत नेऊ नका. तुम्हाला स्वतःला चव घ्यायचीच असेल, तर काढा बाहेर, टेबलावर ठेवा आणि पेला छोटा घ्या.