सागाच्या गावातली जमीन

इंडोनेशियातल्या जावा बेटावर ब्लोरा नावाचा सागाच्या जंगलाचा मुलूख आहे. 1870 साली डच सरकारनं तिथं कायदा केला, की ज्या जमिनीवर मालकीचा पुरावा नाही ती सरकारची. कागद कुणाकडं असणार? गावं तर कायद्याच्या आधीपासूनची. पुढं जंगल खात्यानं त्याच गावकऱ्यांना साग लावायला बोलावलं. ओळींच्या मधे दोनेक वर्षं मका, भात पेरा. साग वाढला, सावली पडली की निघा. आपल्या एकसाली प्लॉटवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. वर, घराला वासा तोडला तर चोर.

सामिन सुरोसेंतिको या शेतकऱ्यानं हे मानलं नाही. जमीन, पाणी, लाकूड सगळ्यांचं म्हणाला, पट्टी भरणं बंद केलं. मोजणीवाले आले तर त्याची माणसं आपापल्या शेतात आडवी झाली. हात कुणी उचलला नाही. तरी 1907 साली त्याला सुमात्राला हद्दपार केलं; तिथंच 1914 ला तो गेला.

डच गेले. स्वतंत्र देशानं 1960 साली नवा जमीन कायदाही केला. साग मात्र सरकारकडंच राहिला, आणि ओळींमधली ती दोन वर्षांची शेती अजून चालूच आहे.